उडालेल्या फायली परत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नारायण पेठेत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. कुणाचा पीएचडीचा प्रबंध, कुणाच्या दुकानाची टॅली, कुणाच्या आईचा शेवटचा व्हिडिओ, असं काहीतरी गेलेलं असतं आणि माणूस फोनवर रडवेला झालेला असतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तुमची फाइल आत्ताच गेली असेल तर पुढचं सगळं मोबाईलवर वाचा. वाचून होईपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावू नका.

१. आत्ता पाच मिनिटांपूर्वी चुकून फाइल डिलीट केली. सगळ्यात आधी काय करू?

त्याच फोल्डरमध्ये कंट्रोल आणि झेड एकत्र दाबून बघा. शेवटची कृती उलटते आणि पुष्कळदा काम तिथेच संपतं. नाही झालं तर रिसायकल बिन उघडा, फाइलवर राइट क्लिक करून रिस्टोअर म्हणा. फाइल होती त्याच फोल्डरमध्ये परत जाते.

तिथेही नसेल तर थांबा. त्या डिस्कवर नवीन काहीही लिहिलं जाऊ देऊ नका. ब्राउझर उघडून उपाय शोधू नका, कारण ब्राउझर प्रत्येक पानाचे तुकडे डिस्कवर साठवतो. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका. पेन ड्राइव्ह असेल तर काढून ठेवा. सी ड्राइव्हवरची फाइल असेल तर मशीन बंद करा, कारण विंडोज नुसतं चालू असलं तरी मागे काही ना काही लिहीत असतं.

हे इतक्या कळकळीने सांगतो त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात एका बाईंच्या कॉम्प्युटरवर, ज्या डिस्कवरून फोटो गेले होते त्याच डिस्कवर, मी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं. काही फोटो अर्धे राखाडी होऊन परत आले. त्यांनी मला एका शब्दाने बोललं नाही, पण ती चूक मी विसरलेलो नाही.

२. रिसायकल बिनमध्ये फाइल दिसतच नाही. म्हणजे कायमची गेली का?

तसं नाही. बिनमध्ये न जाणाऱ्या फायली बऱ्याच असतात: पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डवरच्या, ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवरच्या, शिफ्ट दाबून डिलीट केलेल्या, आणि बिनच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठ्या. शिवाय विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स नावाची सोय चालू असेल, तर ती बिनमधल्या जुन्या फायली ठरावीक दिवसांनी आपोआप काढून टाकते.

पण आधी एक साधी शक्यता तपासा. फाइल डिलीट झालीच नसेल, माउस ओढताना शेजारच्या फोल्डरमध्ये पडली असेल. आमच्याकडे ‘उडालेल्या’ म्हणून आलेल्या कितीतरी फायली अशाच सापडल्या आहेत. फाइलचं नाव आठवत नसेल तर आतला एखादा शब्द किंवा तारीख टाकून शोधा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला) जोडलेले असतील तर फाइल ऑनलाइन बिनमध्ये असू शकते (प्रश्न ९).

३. डिलीट केलेली फाइल जाते तरी कुठे? परत येते म्हणजे नेमकं काय होतं?

सोसायटीच्या जिन्याखाली राहणाऱ्यांच्या नावांची पाटी असते. पाटीवरून नाव पुसलं म्हणून माणूस लगेच खोलीतून जात नाही. साध्या हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे इतकंच: पाटीवरचं नाव पुसलं जातं आणि ‘खोली रिकामी’ अशी नोंद होते. नवीन भाडेकरू येईपर्यंत जुना माणूस आतच असतो. नवीन भाडेकरू म्हणजे त्याच जागेवर लिहिली जाणारी पुढची फाइल.

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची एक नोंद एका मोठ्या तक्त्यात असते. डिलीट केल्यावर ती नोंद ‘वापरात नाही’ अशी होते, पण नाव, तारीख आणि डिस्कवरची जागा बहुधा तशीच राहते. त्यामुळे अशी फाइल नावासकट परत मिळू शकते. पेन ड्राइव्हवर सर्रास असलेल्या फॅट ३२ पद्धतीत नोंदीच्या पहिल्या अक्षराच्या जागी खूण पडते आणि फाइलचे तुकडे कुठे कुठे आहेत ती साखळी पुसली जाते. म्हणून पेन ड्राइव्हवरून आलेल्या छोट्या नावांचं पहिलं अक्षर कधीकधी गायब असतं, आणि तुकड्यांत साठवलेली मोठी फाइल जोडणं अवघड जातं.

हे सगळं फिरत्या तबकडीच्या डिस्कबद्दल आणि पेन ड्राइव्हबद्दल झालं. एसएसडीची, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कची, गोष्ट वेगळी आहे (प्रश्न ५).

४. फुकटात काम होईल असं सॉफ्टवेअर कोणतं? आणि ते वापरायचं कसं?

तीन नावं सांगतो. रेकुव्हा वापरायला सगळ्यात सोपं आहे. नुकत्याच डिलीट झालेल्या फायलींसाठी आधी तेच लावून बघावं. विंडोज फाइल रिकव्हरी हे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं स्वतःचं साधन आहे. ते विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून पुढे चालतं, मात्र त्यात बटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात. तिसरं फोटोरेक. नावात फोटो असला तरी ते वर्ड, पीडीएफ, व्हिडिओ असं शेकडो प्रकारचं काही शोधतं. त्याच्याच जोडीला मिळणारं टेस्टडिस्क हे गेलेलं पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा एखादा भाग) परत उभं करण्यासाठी आहे. फोटोरेक आणि टेस्टडिस्क पूर्ण मोफत आहेत.

फोटोरेकची पद्धत समजून घेतली तर निकाल पाहून गोंधळ होत नाही. ते नोंदींचा तक्ता बघतच नाही. सबंध डिस्क सुरुवातीपासून वाचत जातं आणि फाइलच्या तोंडावरची ठरलेली खूण ओळखतं. प्रत्येक पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि ‘पीडीएफ’ या रोमन अक्षरांनी होते, जेपीजी फोटोची सुरुवातही ठरलेल्या बाइट्सने होते. नोंदी पार गेल्या तरी फायली मिळतात त्या यामुळे. पण नावं आणि फोल्डर जातात. हाती येतो तो आकडेवजा नावांच्या हजारो फायलींचा ढीग. तो निवडायला एक अख्खी दुपार काढावी लागते. फाइलच्या आकाराप्रमाणे लावून घ्या, बारीकसारीक चित्रं खाली जातात आणि खरे फोटो वर येतात.

दोन नियम मोडू नका. सॉफ्टवेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाका आणि गेलेली डिस्क त्याला बाहेरून जोडा. सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर कधीही सेव्ह करू नका, वेगळ्या डिस्कवर घ्या. पैसे मागणारं सॉफ्टवेअर असेल तर फाइल आधी उघडून दाखवतं का ते बघा. नुसती नावांची लांबलचक यादी म्हणजे फायली सुखरूप असल्याची खात्री नव्हे. क्रॅक केलेली आवृत्ती तर अजिबात नको, तिच्याबरोबर प्रश्न १२ मधलं संकट घरात येतं.

५. माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. तरी परत मिळेल ना?

शिफ्ट-डिलीट केलं असेल किंवा बिन रिकामं केलं असेल, तर बहुतेक वेळा नाही. हे ऐकायला वाईट आहे, पण खोटी आशा दाखवून तुमचे पैसे घेणं त्याहून वाईट.

एसएसडीमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवीन लिहिता येत नाही, आधी ती जागा साफ करावी लागते. ऐनवेळी साफसफाई करण्यात वेग जाऊ नये म्हणून फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला लगेच कळवतं, ‘ही जागा आता नको.’ या निरोपाला ट्रिम म्हणतात आणि विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय आहे. निरोप मिळाल्यावर एसएसडी ती जागा सवडीने साफ करते. त्याआधीही तिथे वाचायला गेलं तर ती सहसा नुसती शून्यं परत देते. पाटीवरचं नाव पुसल्याबरोबर खोलीही रिकामी करणारा हा रखवालदार आहे.

सूट दोनच. यूएसबीच्या डबीत बसवलेल्या बाहेरच्या एसएसडीला कधीकधी हा निरोप पोचतच नाही, तिथे प्रश्न ४ मधली साधनं लावून बघा. दुसरं, ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ किंवा फाइल हिस्ट्री ही विंडोजची जुन्या प्रती ठेवणारी सोय आधीपासून चालू असेल तर जुनी प्रत मिळू शकते. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथला तो टॅब.

हे नाही जमलं तर डिस्क सोडा आणि प्रत शोधा. स्वतःच्या जीमेलचा सेंट फोल्डर बघा. गाईडना कधी मसुदा पाठवला होता? व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला फॉरवर्ड केला होता? विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीचा प्रबंध आमच्याकडून मिळाला नाही. तो मिळाला अप्पा बळवंत चौकाजवळच्या ज्या दुकानात तिने दोन आठवड्यांपूर्वी प्रिंट काढली होती, तिथल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये. शेवटची बारा पानं पुन्हा लिहावी लागली, बाकी सगळं हातात आलं. तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो, ‘प्रिंट कुठे काढली होती?’

६. चुकून फॉरमॅट मारला. आता?

क्विक फॉरमॅट असेल तर हार्ड डिस्कवर आशा चांगली आहे, त्यात फक्त नोंदींचा तक्ता नवा होतो. फुल फॉरमॅट असेल तर विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात, मग काही उरत नाही. किती वेळ लागला ते आठवा. काही सेकंदांत झाला असेल तर क्विक. फॉरमॅट करून त्यावर पुन्हा विंडोज टाकलं असेल, तर जेवढ्या जागेवर नवीन विंडोज बसलं तेवढा भाग गेला, उरलेल्यातून फोटोरेक काढतं. एसएसडी असेल तर प्रश्न ५.

७. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणला आणि सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले. आतलं गेलं का?

गेलं नाही, लपवलंय. हा जुना शॉर्टकट व्हायरस आहे आणि शहरातल्या पेन ड्राइव्हवर अजून फिरतोय. शॉर्टकटवर क्लिक करू नका, क्लिक केलं की तो तुमच्या मशीनमध्ये शिरतो. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करा, आणि ऑप्शन्समध्ये ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फायली लपवा’ यासमोरची खूण काढा. मूळ फोल्डर फिकट दिसू लागतील. काही वेळा सगळं बिननावाच्या एका फोल्डरमध्ये ढकललेलं असतं, तोही उघडून बघा. फायली दुसरीकडे कॉपी करा, अँटिव्हायरस फिरवा आणि मगच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

८. वर्डमध्ये लिहीत होतो, वीज गेली, सेव्ह केलं नव्हतं. डिलीट झाली नाही, पण फाइलच नाही!

वर्ड पुन्हा उघडा. डावीकडे सापडलेल्या प्रतींची यादी येते. नाही आली तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स. वर्ड आपणहून दर १० मिनिटांनी प्रत ठेवतं. हा आकडा ऑप्शन्समध्ये जाऊन २ करा. कधीच सेव्ह न केलेल्या प्रती काही दिवसच राहतात, त्यामुळे आठवडाभर वाट बघू नका.

जुन्या फाइलवर चुकून नवी सेव्ह केली असेल तर तो निराळा प्रश्न आहे आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर तिथे फारसं कामाचं नाही. फाइल वनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर असेल तर व्हर्जन हिस्ट्री बघा, नाहीतर प्रश्न ५ मधलं प्रीव्हियस व्हर्जन्स. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर डेस्कटॉपला यूपीएस हवाच. वीज अचानक गेल्याने फक्त लिहिलेलं जात नाही, कधीकधी डिस्कच्या नोंदीही बिघडतात.

९. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवरून गेलेली फाइल किती दिवस मिळते?

गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस. वैयक्तिक वनड्राइव्हवरही ३० दिवस, ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वनड्राइव्हवर साधारण ९३ दिवस. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस आणि बॅकअप न झालेले ३० दिवस.

कॉलेज किंवा कंपनीचं गूगल खातं असेल तर ट्रॅश रिकामी झाल्यावरही आणखी २५ दिवस त्या संस्थेचा अ‍ॅडमिन फाइल परत आणू शकतो. हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याच दिवशी अ‍ॅडमिनला मेल करा. आणि फाइल तुमच्या मालकीची नसेल, दुसऱ्याने शेअर केलेली असेल, तर तुम्ही काढल्यावर फक्त तुमच्याकडून दिसेनाशी होते. मालकाला पुन्हा शेअर करायला सांगा.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो. सिंक म्हणजे बॅकअप नाही. लॅपटॉपवर डिलीट केलेली फाइल ड्राइव्हवरूनही जाते, आणि मोबाईलवरूनही.

१०. फोनमधून डिलीट झालेले फोटो आणता का?

फोनच्या आतल्या मेमरीतून, आम्ही नाही आणत. आजकालच्या अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये साठवण एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असते, वर ट्रिमही असतं. ‘शंभर टक्के फोटो परत’ म्हणणारी अ‍ॅप बहुधा आधीपासून फोनमध्ये असलेली छोटी थंबनेल चित्रंच दाखवतात. आयफोनमध्ये रिसेंटली डिलीटेड अल्बम बघा, तिथे निदान ३० दिवस फोटो राहतात. अँड्रॉइडवर गॅलरीची आणि गूगल फोटोजची ट्रॅश वेगवेगळी असते, दोन्ही बघा. फोटो मेमरी कार्डावर असतील तर प्रश्न ११ लागू होतो, मात्र ते कार्ड फोनने एन्क्रिप्ट केलेलं नसलं पाहिजे.

११. मी लग्नाचे फोटो काढतो. कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट झालं, पार्टी उद्या अल्बम मागते आहे!

कार्ड काढा आणि बाजूची छोटी लॉकची पट्टी खाली ओढा. बॅगेत ते कार्ड चुकून परत वापरलं जाऊ नये म्हणून त्याला रंगीत टेप लावा. एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटनंतर जेपीजी आणि रॉ फोटो चांगले येतात, कारण कार्डावर ते बहुधा सलग बसलेले असतात. व्हिडिओ त्रास देतात, काही कॅमेरे चित्रीकरण तुकड्यांत लिहितात आणि जोडणी हाताने करावी लागते. कॅमेऱ्यात ‘लो लेव्हल फॉरमॅट’ निवडलं असेल तर फोटो मिळण्याची शक्यता फार कमी. स्वतः प्रयत्न करणार असाल तर चांगल्या रीडरमधून आधी संपूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा आणि शोध त्या इमेजवर घ्या. मूळ कार्ड पुन्हा पुन्हा वाचायला लावू नका.

१२. सगळ्या फायलींच्या नावांपुढे विचित्र शेपूट लागलंय आणि पैसे मागणारी चिठ्ठी आहे.

हे डिलीट नाही, रॅन्समवेअर आहे, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. इंटरनेट तोडा, नेटवर्कवरची बाकीची मशीनं वेगळी करा. युरोपोल, डच पोलिस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही जातींच्या मोफत किल्ल्या आहेत. कुलूपबंद फायली टाकून देऊ नका, पुढे किल्ली निघू शकते. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

१३. टॅलीचा डेटा उडाला. ती एक फाइल मिळाली की झालं ना?

नाही. टॅलीतली एक कंपनी म्हणजे आकडेवजा नावाच्या एका फोल्डरमधल्या अनेक फायली. त्यातली एक जरी अपुरी आली तरी कंपनी उघडत नाही. म्हणून फोटोरेकने नाव नसलेले तुकडे गोळा करण्यात अर्थ नाही, नोंदींसकट फोल्डर परत आणणारी पद्धत लागते. पण आधी तुमच्या सीएंना फोन करा. रिटर्न भरताना घेतलेला बॅकअप त्यांच्याकडे बहुधा असतो आणि महिन्याभराच्या नोंदी पुन्हा घालणं सोपं पडतं.

१४. फाइल परत आली, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. खराब झाली का?

बहुधा नाही, आणि हे ऐकून लोकांचा जीव भांड्यात पडतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत, रुळण्यापूर्वी आपल्याकडचे दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल श्रीलिपीसारख्या पद्धतीत टाइप झाले. श्रीलिपी पुण्यातच, मॉड्युलर इन्फोटेकमध्ये घडली. पुण्यातल्याच सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान आणलं. या जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ हे अक्षर खरं तर एखाद्या रोमन चिन्हाच्या जागी बसवलेलं असतं. फॉन्ट नसेल तर खालचं रोमन चिन्ह उघडं पडतं. तो फॉन्ट टाकला की मजकूर उभा राहतो. पुढे तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा, तिथे चुका होतात.

खरी खराबी वेगळी दिसते. वर्ड ‘फाइल उघडता येत नाही’ म्हणतं किंवा फोटोचा खालचा भाग राखाडी असतो. वर्डची डॉक्स फाइल आतून झिप असते, म्हणून ती झिपसारखी उघडून आतला मजकूर कधीकधी निघतो.

१५. हार्ड डिस्क टकटक आवाज करते. सॉफ्टवेअर लावून बघू का?

नको. वीज काढा, आत्ता. तबकडी आणि वाचणारं टोक यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं. टोक बिघडलं की प्रत्येक फेरीला ते तबकडीवरचा थर खरवडू शकतं, आणि सॉफ्टवेअर तर तासन्‌तास फेऱ्या मारायला लावतं. फ्रीझरमध्ये ठेवायचा उपाय करू नका, आत दव धरतं. घरी झाकण उघडू नका. अशा डिस्कची टोकं धूळमुक्त खोलीत, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कवरून काढून बदलावी लागतात. आमच्या दुकानात ते होत नाही, आम्ही पुढे पाठवतो. कुठेही दिलीत तरी तपासणीचे पैसे किती, डेटा नाही मिळाला तर काय, आणि पैसे देण्याआधी फायलींची यादी दाखवणार का, हे लेखी घ्या.

१६. पुराचं पाणी शिरलं, सीपीयू बुडाला होता. वाळवून चालू करू?

सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो. चालू करू नका. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून गढूळ पाणी आत गेलेलं असू शकतं. ते सुकलं की गाळ तबकडीला चिकटतो. म्हणून ड्रायर नको, ऊन नको, तांदळाचा डबाही नको. ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवा.

१७. बाबा गेले. त्यांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही आणि सगळे फोटो त्यात आहेत.

हा प्रश्न दुकानात हळू आवाजात येतो. घाई करून फॉरमॅट करू नका आणि दहा अंदाज लावत बसू नका. जुन्या मशीनमध्ये विंडोजचा पासवर्ड फक्त दाराला असतो, आतला मजकूर उघडाच असतो. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की फोटो दिसतात. नव्या लॅपटॉपवर मात्र बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे सबंध डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असू शकतं. तिथे ४८ अंकी रिकव्हरी की लागते, आणि तिच्याशिवाय कोणतंही दुकान काही करू शकत नाही. ही की बहुधा त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. त्यांचा मोबाईल नंबर चालू असेल तर त्यावर येणाऱ्या कोडने ते खातं उघडण्याची वाट राहते. म्हणून सिम कार्ड बंद करायची घाई करू नका.

त्यांच्या डायऱ्या, बँकेच्या फायली, कपाटातले कागद बघा. त्या पिढीतली माणसं बरंच काही लिहून ठेवत. गूगल खात्याबद्दल एक ध्यानात ठेवा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करून आतला मजकूर काढून टाकू शकतं. फोनमध्ये ते खातं अजून उघडं असेल तर गूगल टेकआउट या उतरवून घ्यायच्या सोयीतून सगळे फोटो याच आठवड्यात उतरवून घ्या. खातं उघडं नसेल तर मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलचा वेगळा अर्ज आहे, त्याला मृत्यूचा दाखला जोडावा लागतो.